तीन नंबरचं बटण

बळीराम मनवर यांची पायल कंट्रोलर झाली, ही बातमी दारव्ह्यात आली तेव्हा निम्म्या गावाने ती चुकीचीच ऐकली. त्यात गावाचा दोष नाही. एसटीत वाहतूक नियंत्रक नावाचं पद असतं. बसस्थानकाच्या खिडकीत बसून कोणती गाडी आली, कोणती सुटली, कोणती कोणत्या फलाटावर लावायची हे पाहणारा आणि माइकवरून ते सांगणारा माणूस. त्याला सगळे कंट्रोलरच म्हणतात. बळीरामभाऊंनी अर्धं आयुष्य त्या खिडकीत काढलं. त्यामुळे बापाची जागा पोरीला मिळाली, असाच सगळ्यांचा समज झाला.

पानठेलेवाला गुलाबसिंग याने तर मला आगाराच्या फाटकावरच गाठलं.

“बाबाराव, पायल कोणत्या ष्टँडवर लागली जी? यवतमाळ का पुसद?”

“विमानाची कंट्रोलर झाली ती,” मी म्हणालो.

“म्हंजे विमानाच्या ष्टँडवर.”

“तसंच समज.”

“तिकडेही लोकं खिडकीत मुंडकं घालून भांडतात का? का विमानवाले शिकेल-सवरेल असतात?”

हा प्रश्न मी पुढे पायललाच विचारला. ती म्हणाली, “भांडतात नं काका. फक्त इंग्रजीत, अन् मॅडम म्हणून.”

मी त्याच आगाराच्या लेखा शाखेत आहे. बी.कॉम. करून चिकटलो तो अजून तिथेच. येत्या वर्षी निवृत्त होईन. मनवरांचं घर आमच्या मागच्या गल्लीत. बळीरामभाऊ माझ्या आधी निवृत्त झाले, पण संध्याकाळचा चहा अजून एकत्रच होतो. पायलची ही हकिगत लिहावीशी वाटली, कारण तिच्यावर जे आलं ते आपल्या भागातल्या कोणावरही येऊ शकतं आणि आलेलं आपल्याला कळतही नाही. सवयीप्रमाणे क्रम लावून सांगतो.

मनवरांच्या घराचा एक शब्द आहे, ‘होते नं’. दिवाळीत स्थानकावर पाय ठेवायला जागा नसायची. दोन गाड्या बंद पडलेल्या, एक चालक आलेला नाही, पुसदकडे जाणारी गर्दी खिडकी रेटते आहे, अशा वेळी आगारप्रमुख विचारायचे, “मनवर, जमते का? माणूस देऊ?” बळीरामभाऊ मान वर न करता म्हणायचे, “होते नं साहेब.” त्यांच्या पत्नी कौसल्यावहिनी दोन्ही हातांत पाण्याचे गुंड, म्हणजे घागरी, घेऊन जिना चढत असल्या आणि मी म्हटलं, “वहिनी, एक द्या इकडे,” तर उत्तर तेच, “होते नं भाऊजी.” पायल या शब्दावरच वाढली. दहावीच्या परीक्षेत तिला कावीळ झाली होती. डोळे पिवळे घेऊन तिने सगळे पेपर दिले. लिहिणं होतं का, असं मी विचारलं तेव्हा तिने काय सांगितलं असेल ते वेगळं लिहायला नको.

शाळा सुटली की ती बापाच्या केबिनमध्ये येऊन बसायची. कोपऱ्यातल्या स्टुलावर गृहपाठ चालायचा आणि बाप माइक हातात घेण्याआधीच गाडीचं नाव हिच्या तोंडात असायचं. पुढे अमरावतीला अभियांत्रिकी, मग स्पर्धा परीक्षा, मग प्रशिक्षण आणि दूरच्या एका मोठ्या विमानतळावर नेमणूक. त्या विमानतळाचं नाव मी लिहीत नाही, कारण या हकिगतीत कोणाला बोल लावायचा नाही.

तिथे रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एका वरिष्ठ सहकाऱ्याने तिला विचारलं होतं, “छोटी जगह से हो, यहाँ का ट्रैफिक झेल लोगी?” त्याने चांगल्या मनाने विचारलं असेल, किंवा नसेलही. पायलने उत्तर दिलं, “हो जाएगा सर.” घरचाच शब्द, फक्त हिंदीत.

तिचं काम तिने मला एकदा आमच्याच अंगणात समजावून सांगितलं होतं. आकाशाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. एका वेळी एका तुकड्याची जबाबदारी एका माणसाची. पडद्यावर विमानं ठिपक्यांसारखी सरकतात आणि प्रत्येकाशी रेडिओवर बोलत त्यांच्यात ठरलेलं अंतर राखायचं. गर्दी वाढली तर त्या तुकड्याचे दोन भाग करतात आणि शेजारच्या खुर्चीवर दुसरा कंट्रोलर येऊन बसतो.

“मंग गर्दी झाली की बोलवायचं त्याले. त्यात काय?” बळीरामभाऊ म्हणाले होते.

“तसं नाही बाबा. गर्दी झाल्यावर बोलावलं तर त्याला सगळं समजावून सांगावं लागते. ते सांगणंच एक काम होऊन बसते. गर्दी व्हायच्या आधी बोलवावं लागते.”

हे बळीरामभाऊंना लगेच पटलं. दिवाळीत ऐन वेळी दिलेला माणूस उपयोगी पडण्याऐवजी आपल्यालाच प्रश्न विचारत बसतो, हे त्यांनी भोगलेलं होतं.

म्हणूनच तिच्या केंद्रावर गेल्या वर्षी एक अभ्यास सुरू झाला. कंट्रोलरच्या डोक्यावरचा भार आधीच ओळखता येईल का, असा त्याचा विषय. नयन नावाच्या एक संशोधक बाई त्याच्या प्रमुख. त्यांनी संगणकावर एक गणित बसवलं होतं. पडद्यावर विमानं किती, त्यांतली चढणारी-उतरणारी किती, कोणाच्या वाटा एकमेकींना छेदणार, कंट्रोलर सलग किती बोलतो, बोलताना मध्ये किती थांबतो, हे सगळं ते गणित पाहायचं आणि आणखी थोड्या वेळाने या माणसाचा भार किती होईल याचा अंदाज सांगायचं. अंदाज वाढला की पर्यवेक्षकापुढचा हिरवा दिवा पिवळा व्हायचा, मग लाल. पण भार म्हणजे नेमका किती, हे गणिताला आधी कोणीतरी शिकवायला हवं. त्यासाठी कंट्रोलरसमोर मधूनमधून एक प्रश्न उमटायचा: आत्ता भार किती? खाली सात बटणं. एक म्हणजे निवांत, सात म्हणजे आता हाताबाहेर. कंट्रोलर जे बटण दाबेल त्यावरून ते गणित त्या-त्या माणसाची सवय शिकत जायचं.

सगळं चाचणीपुरतं होतं. दिव्याकडे पाहून निर्णय घ्यायचा नाही, असं ठरलेलं होतं. पण समोर हिरवा दिवा दिसत असला की माणूस कळत-नकळत त्यावर विसंबतोच.

पावसाळा उतरणीला लागला होता तेव्हाची गोष्ट. पायलच्या तुकड्यात दुपारी ढगांचे डोंगर उभे राहिले. प्रत्येक वैमानिक ढग टाळायला डावीकडे-उजवीकडे वळण मागू लागला. सरळ वाटा मोडल्या आणि ज्या दोन विमानांचा एकमेकांशी काही संबंध येणार नव्हता, ती एकाच मोकळ्या फटीकडे निघाली. पायलच्या ते उशिरा लक्षात आलं. यंत्राने इशाऱ्याचा आवाज केला, तिने एकाला वळवलं, दुसऱ्याला खाली उतरवलं. प्रवाशांना फार तर विमान कलल्यासारखं वाटलं असेल. पण ठरलेलं अंतर मोडलं होतं. पर्यवेक्षकापुढचा दिवा शेवटपर्यंत हिरवा होता.

अशा प्रसंगानंतर तिथे नियम आहे. कंट्रोलरला पडद्यासमोरून उठवतात, चौकशी समिती बसते, पुन्हा प्रशिक्षण आणि पुन्हा परीक्षा होते. समितीला पटलं तर खुर्ची परत मिळते, नाही पटलं तर आयुष्यभर कागदाच्या टेबलावर. पायल समितीसमोर जाण्याआधी काही दिवस घरी आली. घरी सांगितलं, सुट्टी आहे.

मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की दिवाळी दूर असताना पोरगी आली आहे, अंगणात तासन्‌तास बसते आहे आणि आकाशातून विमान गेलं की वर न पाहता मान खाली घालते आहे. लहानपणापासून विमान दिसलं की वर पाहणारी पोरगी. मी बळीरामभाऊंना विचारलं, “पोरीचं काही बिनसलं का?”

“विचारलं मी. म्हणते, काही नाही.”

“मंग?”

“मंग काय. तिनं सांगतल्याशिवाय मी कायले खोदू?”

त्याच दिवसांत कौसल्यावहिनींच्या गुडघ्याचं निमित्त झालं. गुडघा सुजला होता हे सगळ्यांना दिसत होतं, पण विचारलं की घरचा शब्द पुढे यायचा. पायलने हट्टच धरला. माझ्याकडे छोटी गाडी आहे, म्हणून आम्ही चौघं यवतमाळला एका हाडांच्या दवाखान्यात गेलो.

गाडीतून उतरताना वहिनींनी दार घट्ट धरलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्या प्रत्येक पायरीला थांबल्या आणि थांबताना दर वेळी काहीतरी निमित्त काढलं. एकदा चप्पल, एकदा पदर, एकदा “केवढा मोठा बोर्ड लावला वो यांनी.”

डॉक्टर तरुण होते. बाहेर गर्दी होती, तरी त्यांनी नीट विचारलं. “मावशी, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही. दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?”

वहिनींनी आधी बळीरामभाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जणू भाजीचा भाव सांगायचा आहे आणि जास्त सांगितला तर लोक नाव ठेवतील.

“तीन लिवा जी,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते लिहू लागले. मी सहज पायलकडे पाहिलं. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं तिला घेरी येते आहे.

“डॉक्टर, थांबा,” ती म्हणाली. “तिचं तीन तीन नाहीये. तिचं तीन म्हणजे आठ.”

डॉक्टरांचा पेन थांबला. “ते तुम्हाला कसं माहीत?”

“काल जिना उतरताना ती भिंतीला कपाळ टेकवून उभी होती. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली भिंत थंडगार आहे.”

“थंडगारच हाये ते भीत,” वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर उठले. त्यांनी वहिनींना दारापर्यंत चालून परत यायला सांगितलं. वहिनी चालल्या. ते पाहताना बळीरामभाऊंनी खुर्चीचा हात धरला. इतकी वर्षं एकाच घरात असून आपल्या बायकोचं चालणं ते बहुधा पहिल्यांदाच पाहत होते.

“मावशी, आता खरं सांगा,” डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले.

“दुखते बाप्पा. लय दुखते.” वहिनी खाली बसल्या. “पण आठ म्हटलं तं तुम्ही म्हणान, बाई नखरे करते.”

त्यानंतर क्ष-किरण तपासणी झाली, गुडघ्यातलं पाणी काढलं, औषध बदललं, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. गुडघा वाचण्यासारखा होता. डॉक्टर पायलला म्हणाले, “तुम्ही बोलला ते बरं झालं. मला तीनच ऐकू आलं असतं.”

परतताना लाडखेडच्या फाट्यावर चहाला थांबलो. वहिनी गाडीतच बसल्या, दार उघडं ठेवून पाय लांब करून. पायलने चहा हातात घेतला आणि प्यायलीच नाही.

“काका, मी सुट्टीवर नाही आली,” ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. वर मी क्रमाने लिहिलं आहे ते. बळीरामभाऊ उभे होते ते बाकावर बसले. विमानं वाचली ना, हे त्यांनी विचारलं. वाचली, हे ऐकल्यावर मग खुर्चीचं विचारलं.

“समितीपुढं सांगायचं काय, ते ठरवून आली होती मी,” पायल म्हणाली. “दिवा हिरवा होता. पर्यवेक्षकांनी दुसरा माणूस बसवला नाही. गणित चुकलं. खोटं नाही यात काहीच.”

“मंग झालं तं,” बळीरामभाऊ म्हणाले.

“नाही झालं बाबा. मी पहिल्या दिवसापासून तीनचंच बटण दाबून राह्यली.”

“म्हंजे?”

“प्रश्न आला की तीन. कधी निवांत असली तरी तीन, डोकं फुटायची वेळ आली तरी तीन. एक दाबलं तर म्हणतील, हिला काम नाही. सहा दाबलं तर म्हणतील, छोट्या गावची आहे, झेपत नाही. म्हणून मधातलं. मनात असं ठरवलंही नव्हतं मी. बोट आपोआप तिथंच जायचं. त्या दिवशीही, ते ढग असताना, तीनच दाबलं. पर्यवेक्षक सरांनी विचारलंही, दूसरा सेक्टर खोल दूँ? मी म्हटलं, हो जाएगा सर.”

मी हिशेबाचा माणूस. मला ते तिथेच दिसलं. त्या गणिताने हिच्याकडूनच शिकून घेतलं होतं की एवढी विमानं, एवढं बोलणं, एवढं मध्ये थांबणं म्हणजे तीन. काट्यावर माल ठेवण्याआधीच काटा सरकलेला होता. मग पुढचं प्रत्येक वजन चुकणारच, आणि काटा बिचारा प्रामाणिकच राहणार.

“आत्ता डॉक्टरपुढे आई तीन म्हणाली, तेव्हा मले माझा आवाज ऐकू आला,” पायल म्हणाली. शहरात गेल्यापासून तिच्या तोंडी ‘मला’ आलं होतं. त्या दिवशी ‘मले’ आलं.

मग बळीरामभाऊंनी नोकरीत शिकलेलं शहाणपण सांगितलं. “चौकशीत विचारतीन तेवढंच सांगावं, बाई. बटण कोणतं दाबलं हे कोणी विचारलं का? नाही ना. मंग आपण होऊन कायले सांगा?”

“बळीरामभाऊ म्हणतात ते बरोबर आहे,” मी म्हणालो. मीही कार्यालयातच केस पिकवलेले. “सांगितलं तर तुझ्या नावावर चढेल की हिने खोटी उत्तरं दिली. खुर्ची जाईल, पायल.”

“जाईन तं खरं,” ती म्हणाली. “पण ते गणित आता दुसऱ्या केंद्रांवर जाणार आहे काका. अन् माझ्यासारखं तीन दाबणारी मी एकटीच असेन का?”

तेवढ्यात गाडीतून वहिनींचा आवाज आला. आम्हाला वाटलं होतं त्या पेंगत असतील.

“मायं तीन तुनं खोडलं,” त्या म्हणाल्या. “मंग तुयं कोण खोडन?”

बळीरामभाऊ म्हणाले, “तू गप वं, तुले काय समजते त्यातलं?”

“मले गुडघ्यातलं समजते. लपवून ठेवलं तं पाणी होते.”

पायल हसली. आल्यापासून पहिल्यांदा. चहा गार झाला होता, तिने दुसरा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंगणातून नयन मॅडमना फोन लावला. मी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो, तो ओट्यावरच थांबलो. इकडची बाजू तेवढी ऐकू येत होती.

“मॅम, मेरा तीन, तीन नहीं है… नहीं, किसी ने बोला नहीं दबाने को… सच बताऊँ तो शायद छह था. शायद सात… जी. जी, लिख के दूँगी.”

मग बराच वेळ ती फक्त ऐकत होती. फोन ठेवल्यावर मी विचारलं, “रागावल्या का?”

“नाही. म्हणाल्या, माझी सगळी उत्तरं बाजूला काढून पाहिल्यावर त्यांना आधीच विचित्र वाटलं होतं. एखाद्या माणसाचा आकडा कधी हलतच नाही, म्हणजे तो फार स्थिर डोक्याचा असेल, असं त्यांनी धरलं.” ती ओट्यावर बसली. “मी त्यांच्या अभ्यासातली सर्वांत स्थिर डोक्याची होती काका.”

“अन् समिती?”

“त्या म्हणाल्या, समितीला तूच सांग. माझ्या तोंडून गेलं तर वेगळं दिसेल.”

ती गेली त्या दिवशी बळीरामभाऊ तिला बसस्थानकावर सोडायला आले. गुलाबसिंगने तिला पाहून सलाम ठोकला. “काय कंट्रोलर, विमानं कोणाच्या भरवशावर टाकून आली?”

“तुमच्याच भरवशावर होती, गुलाबकाका.”

“तरीच म्हटलं, काल एक इकडून आडवंच गेलं.”

समितीपुढे तिने सगळं सांगितलं. त्यानंतरचे दिवस मनवरांच्या घरात जड गेले. बळीरामभाऊ चहाला यायचे, पण कप तसाच ठेवून उठायचे. एकदा मला म्हणाले, “बाबाराव, आपण तिले ‘होते नं’ शिकवलं, ते चुकलं का जी?” मी म्हणालो, त्या शब्दावरच ती तिथवर पोचली. ते म्हणाले, “पोचली तं खरं.”

निकाल लागला. खुर्ची कायमची गेली नाही, पण लगेच परतही मिळाली नाही. प्रशिक्षण लांबवलं आणि परीक्षा नव्याने. समितीच्या अहवालात तिच्या चुकीची नोंद झाली. त्यासोबत आणखी एक ओळ होती की तिने न विचारता माहिती दिल्यामुळे चाचणीतला दोष सापडला. नयन मॅडमनी इतर कंट्रोलरना पुन्हा विचारलं, या वेळी एकेकट्याला, नाव न घेता. कोणी नेहमी दोन दाबत होतं, कोणी चार. प्रत्येकाचं आपापलं ‘मधातलं’ ठरलेलं होतं. तिला झेलशील का विचारणारा तो वरिष्ठ सहकारीही त्यांत निघाला. त्याने स्वतःच पायलला सांगितलं. त्याचा आकडा दोन होता.

मग त्यांनी पद्धत बदलली. आता कंट्रोलर स्वतः आकडा देतो, आणि शेजारी बसून पाहणारा दुसरा कंट्रोलरही त्याच्यासाठी एक आकडा देतो. दोघांत फरक पडला की दोघं मिळून त्यावर बोलतात आणि मगच गणिताला शिकवतात. बटणांना नुसते आकडे न ठेवता शब्द लावले. सहाच्या बटणावर लिहिलं आहे, ‘आता दुसरा माणूस हवा’. आणि हे बटण दाबलं म्हणून कोणाच्या गोपनीय अहवालात काही लिहायचं नाही, हे केंद्राने लेखी दिलं. ही शेवटची गोष्ट माझ्या मते सगळ्यांत मोठी, पण मी कार्यालयातला माणूस, मला तसं वाटणारच.

इकडे मनवरांच्या घरातही आकड्यांचा खेळ सुरू झाला. फोनवर पायल आधी विचारते, “आई, गुडघा किती?” सुरुवातीला वहिनी म्हणायच्या, “हाये ठीक.” पायल म्हणायची, “आकडा सांग.” मग त्या बळीरामभाऊंकडे फोन देत आणि बळीरामभाऊ त्यांच्या चालण्याकडे पाहून आपला आकडा सांगत. दोन्ही आकड्यांवरून दोघांचं भांडण व्हायचं.

“पाच काहून म्हणता? मले तं चारच वाटते.”

“दारापासून इथपर्यंत कशी आली ते मी पाह्यलं नं.”

“पाह्यलं? आता पाहून राह्यले का तुम्ही?”

व्यायामही बळीरामभाऊंच्या देखरेखीत होऊ लागला. पाण्याचे गुंडही आता तेच वर नेतात. मी एकदा म्हटलं, एक द्या इकडे, तर सवयीने ‘होते’पर्यंत बोलले आणि मग एक गुंड माझ्या हातात दिला.

पायलने परीक्षा दिली, पास झाली आणि थंडीच्या सुरुवातीला पुन्हा पडद्यासमोर बसली. तिकडे त्या दिवसांत सकाळी धुकं असतं. उतरायला न मिळालेली विमानं वरच घिरट्या घालत राहतात आणि तुकडा भरत जातो. अशाच एका दिवसानंतर संध्याकाळी तिचा फोन आला. मी चहाला तिथेच होतो. बळीरामभाऊंनी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

“बाबा, आज सहा दाबलं मी.”

बळीरामभाऊ खुर्चीत पुढे सरकले. “कधी? दिवा लाल झालता का?”

“नाही, पिवळा होत होता. गणितानं अन् मी सोबतच म्हटलं. मग सरांकडे पाहून बोललीही, सर, दूसरा खोल दीजिए.”

“मंग? कोणी हसलं का?”

“नाही बाबा.”

“काही बोललं?”

“कोणी काहीच नाही बोललं. ते झेल लोगी वाले सर होते नं, तेच आले. खुर्ची ओढली अन् बसले.”

बळीरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग आत स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, “कौसल्या, ऐकलं का? खुर्ची ओढली अन् बसला म्हणे.”

“मंग त्यात काय?” वहिनी आतून म्हणाल्या. “बसायलेच असते खुर्ची.” थोड्या वेळाने त्या स्वतः चहा घेऊन बाहेर आल्या. बळीरामभाऊंनी त्यांचं चालणं दारापासून टेबलापर्यंत पाहिलं आणि फोनमध्ये सांगितलं, “दोन.”

वहिनींनी आकड्याला हरकत घेतली नाही.